पासंग

तीस वर्षं मार्केट यार्डात
गुळाचे रवे तोलले मी.
तीस किलोचा रवा हाताला लागला
की पावशेराचा फरक
काट्याआधी मनगटाला कळायचा.
पहिल्या रव्याला आमच्यात एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन, चार…
मला मात्र कुणी तोललं नव्हतं.

राजारामपुरीत जिना चढून वर,
चपला काढून काचेच्या चौकोनावर उभा राहिलो.
शहाण्णव पूर्णांक चार.
मुजावरांची तबस्सुम, माझ्या धाकटीच्या वयाची,
म्हणाली, काका, श्वास सोडा,
तो धरून वजन कमी भरत नाही.

तिनं उंची, वय, दिवसाची उठबस मांडून
एक आकडा काढला. बावीसशे कॅलरी.
हा आपला अंदाज, म्हणाली.
उतरवायचं पुढं बघू, आधी वाढायचं थांबू दे.
खरा आकडा तुमचं अंगच सांगेल.
वही ठेवा.

ठेवली. कीर्द ठेवावी तशी, तारीखवार.
ज्वारीची भाकरी: लाभ, दोन.
वाटीभर आमटी. खर्डा चिमूटभर.
रविवारी तांबडा एक वाटी, पांढरा एक वाटी,
मटणाच्या फोडी सहा
(सातवी शालननं न विचारता टाकलेली, तीही लिहिली).
बेरीज रोज बावीसशेच्या आत.
आणि काटा आठवड्याला तीनशे ग्रॅम वर.

हिशेब जुळेना.
तबस्सुम वही उलटून बघायची,
मी खिडकीतून रिक्षा बघायचो.

पाडव्याला सौदे निघाले.
रवा फोडून कण व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा,
दुसरा आपल्या जिभेवर, ही रीतच.
नवा हमाल पोरगा, सर्जेराव, मधेच म्हणाला,
तात्या, आज अडतीस झालं.
काय अडतीस?
तुमचं खडं.

सुपारीएवढा एकेक. अडतीस.
आणि याच यार्डात
तागडीखाली पासंग चिकटवणाऱ्या अडत्याला
मी गचांडी धरून बाहेर काढलं होतं.

मग लाज वाटली, आणि लाजेला माप नसतं.
एक भाकरी. नुसतं ताक. गूळ बंद.
चौथ्या दिवशी रव्यासकट खाली बसलो,
रवा फुटला, मुंग्या आल्या,
सर्जेरावनं तोंडावर पाणी मारलं.

पोरगी पहिल्यांदाच चिडली.
काका, जास्तीचं माप खोटं,
मग कमी भरलेलं खरं असतं होय?

बरोबर. तीस वर्षं मीच हे शेतकऱ्याला सांगत आलो.

जुन्या तागडीचा काटा तुम्ही बघितलाय का?
बरोबर वजनाला तो थांबत नाही.
मध्यावर थरथरतो.
शहाण्णव आठ, शहाण्णव सहा,
सत्त्याण्णव, पुन्हा शहाण्णव सात.
दोन महिने गेले असं थरथरत.
आकडा निघाला तेवीसशे पन्नास,
त्यात दिवसाचे चार खडे धरून. पाचवा सर्जेरावला.

अवघड होतं ते घरात.
शालनचा हात झुकत्या मापाचा.
तिसरी भाकरी ताटात पडायच्या आत
तळवा आडवा धरायचा,
आणि तिच्या तोंडाकडं बघायचं नाही.

परवा वही मिटता मिटता विचारलं,
तुझं किती होतंय गं दिवसाचं?
माझं काय, म्हणाली, उरल्यालं खातो की मी.
कधी अर्धी, कधी सकाळचा तुकडा,
कधी नुसताच च्या.
पंचवीस वर्षांची कीर्द, एक ओळ लिहिलेली नाही.

नवं पान काढलं. वर तिचं नाव घातलं.
तिला पाटावर बसवलं, तव्यावरची भाकरी
मीच उचलली, बोटं भाजली.
ताटात ठेवताना तोंडातून आपोआप आलं,
लाभ.

ती हसली.
मोजत काय बसलाईसा, म्हणाली,
गरम हाय तवर दुसरी टाका.